टेसनावर उभी राहिलेली बाई

अमेरिकन गोष्टींतली माणसं त्याग फार गुपचूप करतात. शेवटच्या पानापर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाहीत. आमच्या घरात कुणी साधी एकादशी धरली तरी समोरच्या किराणा दुकानदाराला सकाळीच कळतं, कारण साबुदाणा तिथूनच येतो, आणि त्याला कळलं की गल्लीला कळतं. अशा घरात बसून मी 'प्रेम आणि त्याग' या विषयावरच्या अमेरिकन लघुकथांचा अभ्यास केला. कसा केला ते माझं मला माहीत.

हिंगोलीत राहून मी बाहेरून इंग्रजीचं एम.ए. करत होते. बाकीचे सगळे पेपर निघाले. हा एक लघुकथांचा पेपर दोनदा गेला. तिसरी खेप शेवटची होती. ती हुकली की नोंदणी रद्द आणि सगळं पहिल्यापासून. मी शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवते. अकरावी-बारावीचा वर्ग मला द्यायला आमच्या मुख्याध्यापिका तयार होत्या, पण हातात पदवी पाहिजे म्हणत होत्या. मला तो वर्ग हवा होता. पाचवीच्या पोरांना फळांची नावं घोकवून घोकवून माझी अशी अवस्था झाली होती की बाजारात पेरू घेतानासुद्धा मी पेरूवाल्याकडून त्याचं स्पेलिंग वदवून घेईन की काय, अशी भीती वाटायची.

दोन्ही वेळा नापास झाले त्याचं कारण सरळ होतं. मी आतल्या खोलीत दार लावून मनातल्या मनात वाचायची, आणि दुसऱ्या पानावर झोपायची. तिसऱ्या वेळी मी दिवाळीनंतर ठरवलं की मोठ्यानं वाचायचं, आणि मागच्या ओसरीत जाऊन बसले. तिथे सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे काय पुटपुटून राहिलीस? एकटी एकटीच ऐकतीस. मला बी सांग की."

सासूबाईंचं माहेर साखऱ्याचं, शाळा चौथीपर्यंत. पण गोष्ट ऐकण्याचं त्यांचं अंग असं की कीर्तनकारालाही घाम फुटावा. मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा, मग तो मराठीत सांगायचा, आणि मग त्यांनी त्याची उलटतपासणी घ्यायची, असा आमचा क्रम ठरला.

पहिलीच गोष्ट होती एका म्हाताऱ्याची. बर्फाळ गावात राहणारा एकटा म्हातारा. शेजारच्या विधवेवर त्याचं वर्षानुवर्षं मुकं प्रेम. कडाक्याच्या थंडीत तो आपल्या वाटची सगळी लाकडं चोरून तिच्या दारात नेऊन ठेवतो आणि स्वतःच्या घरातलं सामान जाळून शेकतो. आधी खुर्ची, मग टेबल, मग कपाट. शेवटी खाटेची पाळी येते. वाचता वाचता मी डोळे पुसत होते.

"तुराट्या नव्हत्या का त्याच्याकडं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तिकडे तूर होत नाही."

"कापसाच्या पळाट्या? गवऱ्या?"

"तिकडे बर्फ असतो, आई. सगळं गोठलेलं."

"मंग बर्फ पडायच्या आधी लावायच्या नं गवऱ्या. म्हातारा झाला तरी अक्कल न्हाई. आन् त्या बाईला भाऊ न्हाई का?"

"गोष्टीत दिलेला नाही."

"म्हंजे लिहिणारानं दिला न्हाई. एक भाऊ द्यायला त्याचं काय जात होतं? निदान मामा तरी द्यायचा."

हा मामा मग आमच्या ओसरीत कायमचा येऊन बसला. दुसऱ्या गोष्टीत एका माणसाची नोकरी जाते, आणि बायकोला दुःख नको म्हणून तो रोज डबा घेऊन निघतो आणि दिवसभर बागेत बसून संध्याकाळी परत येतो. त्यावर सासूबाईंनी आधी "डबा घासताना बायकोला वासावरून कळत कसं न्हाई" हा मुद्दा काढला, आणि मग विचारलं, "आन् याचा मामा कुठं मेला?" त्यांचं म्हणणं, या सगळ्या लोकांना काका-मामा नाहीत म्हणून यांच्यावर त्यागाची वेळ येते. मामा असता तर गोष्ट दोन पानांत मिटली असती. याला त्यांच्याकडे पुरावाही होता. त्यांच्या स्वतःच्या लग्नात ऐन वेळी दोन्हीकडच्या मंडळींची कशावरून तरी जुंपली. तेव्हा त्यांचा मामा मांडवाच्या मधोमध आडवा पडला आणि उठेना. त्याला उठवायला सगळे एवढे दमले की भांडण काहून चाललं होतं, हेच कुणाला आठवेना. अक्षता पडल्या.

मी हसायची, चिडायची, "आई, मला लिहू द्या" म्हणायची. पण खरं सांगते, अशी भांडून भांडून वाचलेली गोष्ट विसरतच नव्हती. दोन वर्षं पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं, ते आता घड्यात जायला लागलं. शाळेतून आले की मी जेवायच्या आधी पुस्तक काढायची, आणि सासूबाई दुपारची झोप सोडून लसूण नाही तर वाती घेऊन तयारच असायच्या.

होळीच्या सुमाराला आम्ही सगळ्यात मोठ्या गोष्टीला हात घातला. परीक्षेला हिच्यावर प्रश्न येतोच, असं सगळे सांगत होते. दोन बहिणी. आई वारलेली, थोरलीनं धाकटीला आईच्या मायेनं वाढवलेलं. गावातल्या लाकूड कारखान्यातल्या एका भल्या माणसाचं थोरलीवर प्रेम. तो दूर पश्चिमेला जमीन कसायला निघालाय आणि तिला म्हणतोय, चल. इकडे धाकटीचा जीव त्याच्यावरच जडलेला, आणि हे फक्त थोरलीला कळलेलं. गाडी संध्याकाळची. थोरली हातात पेटी घेऊन स्टेशनवर येते. ती स्वतः निघाली आहे, की धाकटीला त्याच्याबरोबर लावून देणार आहे, हे लिहिणारानं कळू दिलेलं नाही. फलाटावर धुकं. लांबून शिट्टी ऐकू येते.

तेवढ्यात आमच्या कुकरची शिट्टी झाली. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "उद्या."

"अगं, तिला बसव तरी!" सासूबाई म्हणाल्या. पण वरण करपत होतं.

दुसरा दिवस रविवार होता. माझ्या पेपरासाठी म्हणून आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई, नरसीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला गेलो. तिथे देवापुढे हात जोडून माझ्या नवऱ्यानं, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात, जाहीर केलं, "ही पास होईपर्यंत मी चहा सोडला."

माझा नवरा कळमनुरीला एका कचेरीत कारकून आहे. त्याच्या अंगात रक्त किती आणि चहा किती, हे डॉक्टरलाही सांगता यायचं नाही.

सासूबाईंनी नुसते हात जोडले. डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही काय सोडलं, आई?"

"सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या.

"पडवळ?" मी म्हणाले.

याला इतिहास होता. काही वर्षांपूर्वी त्या भजनी मंडळाबरोबर काशीला जाऊन आल्या. काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ, भाजी कायमची सोडायची रीत. कुणी आंबा सोडला, कुणी वांगं सोडलं. सासूबाईंनी पडवळ सोडलं, जे त्यांनी जन्मात कधी आवडीनं खाल्लं नव्हतं. तेव्हापासून घरात कुणी नावापुरता त्याग केला की आम्ही त्याला 'पडवळ सोडलं' असंच म्हणतो. त्या दिवशी मात्र त्या हसल्या नाहीत. रस्त्यावरचे फुटाणे घेतले आणि गाडीत जाऊन बसल्या.

नवऱ्याच्या त्यागाचे परिणाम दुसऱ्या दिवसापासून दिसायला लागले. सकाळी त्याचं डोकं दुखायचं. दुपारी कचेरीत दुखायचं. संध्याकाळी घरी येऊन तो कपाळाला रुमाल बांधून पलंगावर पडायचा आणि म्हणायचा, "तू कर अभ्यास. माझी तकलीफ बघू नको." हे तो दर थोड्या वेळानं म्हणायचा, म्हणजे ती बघायचं विसरू नये. कुणाकडे गेलो आणि ट्रे पुढे आला की हात छातीवर ठेवून, "न्हाई, आपण सोडला. बायकोसाठी." मग त्या घरची बाई माझ्याकडे बघायची. त्या नजरेत कौतुक कमी आणि 'काय बाई आहे ही' जास्त असायचं.

कचेरीत तर वेगळंच झालं. चहा नको म्हणतोय म्हणजे ह्याला शुगर निघाली, असं उठलं. कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी ओळखीचे लोक कारल्याची पिशवी देऊन जायला लागले. एकानं जांभळाच्या बियांची पूड आणली. एक म्हातारे गृहस्थ घरी येऊन माझ्या नवऱ्याचे तळपाय तपासून गेले. आलेल्या प्रत्येकाला मला चहा करावा लागायचा, आणि तो उकळायला लागला की आतून नवऱ्याचा असा उसासा यायचा की पाहुणे उठून उभे राहायचे. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. एकदा मी हात जोडून म्हणाले, "अहो, प्या हो एक कप. मी देवाची समजूत घालते." तर म्हणाला, "तुझ्या त्या गोष्टीतला म्हातारा खाट जाळतो. मी चहा बी सोडू नको व्हय?"

हे सगळं मी सोसलं असतं. पण सासूबाईंनी ओसरीत बसणंच बंद केलं.

नरसीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन गेले आणि म्हणाले, "चला, आई, स्टेशनवर."

"मला काम हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आत काही काम नव्हतं. मी दारातून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तर त्यांनी मिक्सर लावला. जाऊन बघते तर मिक्सरच्या भांड्यात काही नाही. रिकामंच गरगर फिरतंय आणि सासूबाई बाजूला गंभीर चेहऱ्यानं उभ्या.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या यायच्या वेळेला शेजारी जाऊन बसल्या. चौथ्या दिवशी मी नुसतं "माहीत आहे का, ती थोरली" एवढंच म्हणाले, तर त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्यानं हरिपाठ सुरू केला. मी रागानं पुस्तक आपटलं. मला वाटलं, कंटाळल्या. मला वाटलं, सुनेचं कौतुक चार दिवसांचं असतं, ते संपलं. आणि मला फार वाईट वाटलं. नवरा चहा न पिता एवढा तमाशा करत होता त्याचं काही वाटलं नाही, पण त्या रिकाम्या मिक्सरचं वाटलं.

पेपर जवळ येत होता आणि ऐकणाऱ्याशिवाय माझं वाचन पुन्हा ढेपाळलं. मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो रुमालाखाली घोरायला लागला. कपडे वाळत घालताना दोरीला वाचून दाखवलं. एकदा फाटकात आलेल्या शेजारच्या शेळीला बर्फाच्या म्हाताऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तिनं माझी कोथिंबीर खाल्ली, पण मामाबद्दल काही विचारलं नाही. प्रश्नच नाहीत तर गोष्टीला काय अर्थ? मी वाचत राहायची आणि पान संपलं की पान कोरं व्हायचं.

एका दुपारी उन्हानं आणि रागानं डोकं तापलेलं असताना मी बोलून गेले, "ह्यांनी निदान चहा तरी सोडला. तुमचं तर सगळं तसंच चाललंय. मिश्री चालू, चहा चालू, मालिका चालू. या वेळी काय, दोडका सोडला का?"

सासूबाईंनी तोंड उघडलं, परत मिटलं. मग म्हणाल्या, "तू वाच बाई. देव बघून राहिला," आणि माझ्यापुढे पन्ह्याचा पेला ठेवून गेल्या.

परीक्षा वैशाखात झाली. वर्गातला पंखा नुसता आवाज करत होता, वारा बाहेरच्या बाहेर जात होता. पेपर हातात आला आणि पहिलाच प्रश्न: या कथांमधील त्यागाचं स्वरूप स्पष्ट करा. स्टेशनच्या गोष्टीचा आधार घ्या. समीक्षकांची पाठ केलेली वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला तो मांडवात आडवा पडलेला मामा.

मग मी तेच लिहिलं. दुसरं काही येतच नव्हतं. लिहिलं की या गोष्टींतला माणूस दुसऱ्यासाठी सगळं सोडतो, पण त्या दुसऱ्याला एकदाही विचारत नाही की बाबा, तुला हे पाहिजे का? आणि विचारत नाही, कारण मध्ये पडणारं कुणी नाही. घरं एकेकटी आहेत. या कथांमध्ये मामा नाही. मग मामा म्हणजे कोण, काका निराळा कसा, आणि इंग्रजीत दोघांना एकच शब्द असल्यानं अमेरिकेचं कसं नुकसान झालं आहे, यात माझं पाऊण पान गेलं. शेवटी पुरवणी मागितली. पर्यवेक्षकांनी अशा आदरानं दिली की मला जास्तच भीती वाटली.

घरी येऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणायची, गेला. अकरावी-बारावीच्या वर्गाची आशा मनातून काढून टाकली होती. शाळा सुरू झाली. पुन्हा पाचवी, पुन्हा पेरू. नवरा दिवसेंदिवस वाळत होता, आणि मला वाटायचं, मी पुन्हा नापास झाले तर याला जन्मभर बिनचहाचा ठेवल्याचं पाप माझ्या माथी.

निकाल श्रावणात लागला. सोमवार होता, शाळा अर्धी होती. मोबाईलवर पान उघडता उघडता चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग उघडलं. पास. अगदी काठावर, कुणी मागून धक्का दिला तर खाली पडेन अशी; पण पास. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की नवरा मोरीतून साबणासकट बाहेर आला. त्याला कळल्यावर तो सरळ स्वयंपाकघरात गेला, पातेलं चढवलं, आणि साखर-पत्ती मुठीनंच टाकली. पहिला घोट घेतला आणि माझा नवरा रडला. माझ्या पास होण्यानं रडला, असं तो आजही सांगतो.

मी सासूबाईंना शोधत मागे गेले. त्या ओसरीत बसल्या होत्या, आपल्या जुन्या जागेवर, भिंतीला टेकून. पुढ्यात लसूण. शेजारी माझा बसायचा पाट मांडलेला. मी पाया पडायला वाकले.

"पाया मंग पड," त्या म्हणाल्या. "आधी सांग, बसली का ती गाडीत?"

"कोण?"

"कोण काय? ती थोरली! होळीपासून टेसनावर उभी हाय नं ती. हातात पेटी घेऊन. पाय दुखले असतील माय तिचे."

मला कळायला वेळ लागला. मग रिकामा मिक्सर, कानांतली बोटं, हरिपाठ, सगळं एकामागून एक माझ्यापुढे येऊन उभं राहिलं, आणि मी तिथेच फरशीवर बसले.

"तुम्ही हे सोडलं होतं? गोष्ट?"

"मंग काय सोडू? मिश्री सोडली असती तर तूच म्हणली असतीस, बरं झालं. काशीला पडवळ सोडलं म्या. देवाला काय समजत न्हाई व्हय? म्हणून तर तुझं गाडं दोनदा अडकलं. मला तसंच वाटून राहिलं होतं. या बारीला म्हणलं, जिवाला लागंल असंच सोडायचं."

"अहो पण आई, सांगायचं तरी! तुम्ही ऐकत नव्हतात म्हणून माझा अभ्यास होत नव्हता!"

"कसं सांगायचं? तुझ्या गोष्टीतली माणसं सांगतेत का?" त्या म्हणाल्या. मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकदा लई मन झालं होतं. तू शाळेत गेल्यावर पुस्तक उघडलं बी. पण समदं इंग्रजीत. बरं झालं, नवस राहिला. मंग म्या मनानंच लावून दिलं तिचं. दोन लेकरं हायेत तिला आता."

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कशाचं कशाला हे मला सांगता येत नव्हतं. मी कुणासाठी काय सोडलं असतं एवढं? मला एकही गोष्ट आठवली नाही. आतून नवऱ्याचा आवाज आला, "मी दुसरा कप ठेवून राहिलो! कुणाला पाहिजे का?"

मी पदरानं तोंड पुसलं, आतून पुस्तक आणलं, आणि मिटल्या जागेवरच उघडलं. खूण म्हणून घातलेली वात तिथेच होती. फलाटावर धुकं, लांबून शिट्टी. मी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य वाचलं.

"थांब," सासूबाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. "आधी एक सांग. मधल्या काळात तिच्या मामाचं काही कळलं का?"